हसू आणि हसे

दक्षिण कोरियाच्या प्रेमविनोदी मालिकांपैकी कोणती पाहावी, हा प्रश्न सणासुदीच्या सुटीत घरोघरी निघतो. नायक देखणा, नायिका बडबडी, पहिल्या भागात भांडण आणि सोळाव्यात समेट, एवढे बहुतेक साऱ्यांतच सापडते. तेव्हा कथानकावरून निवड करू जाणाऱ्याची फसगत ठरलेली. मी आपला एवढेच पाहतो, की येथे हसू आहे की कोणाचे तरी हसे आहे?

'माय लव्हली सम-सून' (२००५) ही या घराण्यातली थोरली. हिची नायिका तिशीला टेकलेली, अंगाने भरलेली, केक-पेस्ट्री करण्यात तरबेज. नाताळच्या आदल्या दिवशी प्रियकराची लबाडी हॉटेलात उघडी पडते आणि ही बाई रडायला शिरते ती नेमकी पुरुषांच्या स्वच्छतागृहात! तिची खरी सल मात्र नावाची. तिसरी मुलगी म्हणून चिकटलेले ते जुनाट नाव तिला बदलायचे आहे. (मराठी कानाला त्यातली 'सून' गोड लागेल, पण नायकाच्या मातोश्रींना हीच सून नको असते.) भूमिकेसाठी किम सन-आ हिने मुद्दाम वजन वाढवले होते, आपल्याकडे तिला कोणी जाड म्हणणार नाही, ही गोष्ट वेगळी. आरंभी आपण सम-सूनला हसतो. पुढे ती स्वतःच आपल्याला हसवू लागते आणि तिच्या नावाला नाके मुरडणारेच खुजे दिसू लागतात. तिला सडपातळ करून बोहल्यावर चढवण्याचा मोह मालिकेने टाळला. शेवटीही अक्षता पडत नाहीत. नायकाचे तिला मनगट धरून खेचणे मात्र आज बघवत नाही.

'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' (२०१९) पाहताना वाटते, त्या मनगटाचा हिशेब येथे कोणी तरी चुकता केला. दोंग-बेक ही लेकुरवाळी, नवऱ्यावाचून राहणारी बाई. ओंगसान या कल्पित गावी खानावळवजा मद्यालय चालवते. घरमालक फुकट शेंगदाणे मागतो, लगट करतो. ती हळू आवाजात पदार्थांचे दर सांगते आणि त्या दरांत माझ्या मनगटाची व हसण्याची किंमत धरलेली नाही, असे सुनावते. किती साधा प्रसंग! खेकडे विकणाऱ्या शेजारणी आधी तिच्यावर तोंडसुख घेतात, आणि संकट आले की त्याच तिच्याभोवती कडे करतात. त्या शेजारणींची भांडणे तर पोलीस नायकाच्या प्रेमापेक्षाही मला जास्त रुचली. कथेत एक खुनी वावरतो. लहान मुलांना जवळ बसवण्याआधी हे ध्यानी घ्यावे.

'बिझनेस प्रपोझल' (२०२२) बारा भागांत चटकन संपते. मैत्रिणीऐवजी स्थळ पाहायला गेलेल्या मुलीपुढे आपलाच मालक बसलेला. फराळाबरोबर चालेल, फराळानंतर आठवणार नाही.

'क्रॅश लँडिंग ऑन यू' (२०१९-२०) हिच्याविषयी मात्र मन दुभंगते. वादळात सापडून सरहद्दीपलीकडे, उत्तर कोरियात, पडलेली श्रीमंत से-री सुगंधी मेणबत्ती मागते. गावात वीजच धड नाही. हसे होते ते तिचे, गरीब गावाचे नव्हे, ही मोठी गोष्ट. परंतु त्या राज्यव्यवस्थेची बहुतेक क्रूरता एका खलनायकाच्या माथी मारून लेखिकेने गावाला सहलीची जागा करून टाकले आहे. ज्यांची माणसे खरोखरच त्या सीमेने तोडली, त्यांना हे कसे पाहवले असेल? तरीही लबाडी अखेरपर्यंत नेलेली नाही. प्रेमिकांसाठी सरहद्द तसूभरही सरकत नाही. वर्षातून दोन आठवडे स्वित्झर्लंडमध्ये भेट, तेवढाच त्यांचा संसार.