गडवर्णनातला ‘मामा’

लोकहितवादींनी 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिली, तेव्हा आपले मत चारचौघांपुढे मांडायला साप्ताहिक लागे आणि भाऊ महाजनांसारखा संपादक लागे. 1996 मध्ये ‘मायबोली’ आणि 2007 मध्ये ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे सुरू झाल्यावर ही अडचण उरली नाही. मोबाइल कोणता घ्यावा, निवडणुकीत कोण येणार, अमुक खेळाने मुले बिघडतात का, अशा कोणत्याही विषयावर कोणीही, रात्री जेवण झाल्यावर, मत लिहू लागला. या लेखनाचा एक मोठा हिस्सा गडकिल्ल्यांच्या भटकंतीचा आहे आणि त्यात राजगड-तोरण्याच्या वर्णनांचा वाटा मोठा आहे. मी अशी बरीच वर्णने सलग वाचली. त्यांच्याकडे वळण्याचे कारण एवढेच, की निवडणुकीवर लिहिणाऱ्याला आपण मत देत आहोत याचे भान असते आणि तो जपून लिहितो. गडावर जाऊन आलेल्याला वाटते, आपण फक्त काय घडले ते सांगतो आहोत. त्यामुळे त्याची खरी मते त्याच्या नकळत कागदावर उतरतात.

या वर्णनांचा साचा वाचकांच्या परिचयाचा असेल. बेत अनेक दिवस शिजत असतो, आयत्या वेळी दोघे-तिघे गळतात, उरलेले स्वारगेटला जमतात. गुंजवण्यातून चोरदरवाजाने चढाई, पद्मावतीच्या देवळात पथारी, पहाटे सुवेळा माचीवरचे नेढे, मग बालेकिल्ला. ज्यांची हौस मोठी ते संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची गाठतात आणि मेंगाईच्या देवळापाशी पाठ टेकतात. शेवटी वेल्ह्यात उतरून चहा आणि एसटीची वाट. विनोदही ठरलेले, पायात येणारे गोळेही ठरलेले.

साचा आहे म्हणून हे लेखन टाकाऊ ठरत नाही. कोणत्या टाक्यातले पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पिण्याजोगे असते, कारवीत वाट कुठे फुटते, कोणत्या दरवाजाला लोक चुकीचे नाव देतात, ही माहिती छापील पुस्तकांत इतक्या बारकाईने मिळणे अवघड होते. एकाने चूक लिहिली की दुसरा लगेच दुरुस्त करी, तिसरा फोटो लावी. संपादकाविना चाललेले हे संपादन होते. दुर्गसाहित्याचा पुढचा अभ्यासक या साठ्याला वळसा घालून जाऊ शकणार नाही, असे मला वाटते.

पण या साठ्यात एक माणूस वारंवार येतो आणि तो कधीच पुरता दिसत नाही. त्याचे नाव ‘मामा’. तो गडाच्या पायथ्याशी किंवा माचीवर असतो. पिठलं-भाकरी, ताक, लिंबूसरबत देतो. त्याची बायको ‘मावशी’. ती चुलीच्या धुरात भाकऱ्या थापते आणि तिच्या वाट्याला चवीची स्तुती येते, वाक्य सहसा येत नाही. मामा-मावशी या शब्दांत आपुलकी आहे हे खरेच. पण हे नाते एकाच बाजूने जोडलेले आहे. मामा पाहुण्यांना भाचे म्हणत नाही, तो त्यांना ‘साहेब’ म्हणतो किंवा ‘दादा’ म्हणतो, आणि भाचे मात्र ताकाच्या ग्लासामागे पाच रुपये कमी करून घेतल्याचे खुशीने लिहितात. मामाची शेती किती, मुलगा कुठे असतो, पावसाळ्यात गिऱ्हाईक नसते तेव्हा घर कशावर चालते, हे विचारलेले क्वचितच आढळते.

गो. नी. दांडेकर गडांवर इतके हिंडले, पण ‘माचीवरला बुधा’ लिहिताना राजमाचीचा बुधा त्यांना नायक म्हणून दिसला. ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये तुंगाच्या परिसरातला माणूस गडाशी असलेल्या नात्यासकट मध्यभागी उभा राहिला. गोनीदांची दृष्टी भाबडी आहे, डोंगरातल्या माणसाला ते फार निर्मळ करून टाकतात, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी त्यांच्याकडे तो माणूस गोष्ट पुढे नेतो. आजच्या वर्णनांत तो गोष्ट थांबवतो, तीही जेवणापुरती.

जुन्या वर्णनांत मामाला अधिकार मिळण्याची एकच जागा होती: वाट चुकण्याचा प्रसंग. संजीवनी आणि बुधला या माच्यांमधल्या धारेवर धुके उतरले, कारवीत पाऊलवाट हरवली, की कुठूनसा गुराखी प्रकट होई. त्या एका परिच्छेदात शहरातला माणूस अडाणी आणि गावातला जाणता असे. गुराखी दोन वाक्ये बोले, कधी कधी लेखक ती त्याच्याच बोलीत उतरवून घेई, आणि माझ्या वाचनात या वर्णनांतली सर्वांत जिवंत वाक्ये तीच आहेत. पुढे फोनमध्ये नकाशा आला. आधी कोणी चालून गेलेली वाट रेषेच्या रूपात उतरवून घ्यायची आणि निळ्या ठिपक्यामागे चालायचे. वाट चुकणे कमी झाले, ही चांगलीच गोष्ट. त्या धारेवर उन्हात पाणी संपले की काय होते हे ज्याला माहीत आहे तो याबद्दल तक्रार करणार नाही. पण त्याबरोबर गुराख्याचा परिच्छेदही गेला. जाणता माणूस गेला, जेवण विकणारा राहिला.

संगणकावरच्या साहसी खेळांत काही पात्रे अशी असतात की त्यांना कोणी खेळाडू चालवत नसतो. ती रस्ता सांगतात, पाणी देतात, हत्यार विकतात आणि दर वेळी तेच वाक्य बोलतात. गडवर्णनातला मामा पूर्वी त्या पात्राइतका तरी होता. आता वर्णन पबजीसारखे होत चालले आहे. त्या खेळाच्या बेटावर घरे आहेत, दारे उघडी आहेत, पण राहणारा एकही माणूस नाही; घरात शिरायचे, हवे ते उचलायचे, पुढे जायचे. सप्टेंबर 2020 मध्ये त्या खेळावर बंदी आली तेव्हा त्यातल्या हिंसेवर आणि चीनवर आपण पुष्कळ मते दिली. त्या बेटावरची माणसे कुठे गेली, हा प्रश्न चर्चेत आल्याचे मला आठवत नाही. ड्रोनने टिपलेल्या आजच्या गडचित्रफितींतही तटबंदी, ढग आणि पोवाड्याचा आवाज असतो. खालची वाडी हिरव्या रंगात विरघळून जाते.

बालेकिल्ल्यावरून भाटघरचे पाणी दिसते. वर्णनांत ते ‘विहंगम’ असते, फार तर ‘निळेशार’. वेळवंडी नदीवरचे हे धरण ब्रिटिश काळातले; त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे आणि त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडे जाते. भोरच्या माणसाची राजकीय मते समजून घ्यायची तर सुरुवात या पाण्यापासून करावी लागते: धरण आमच्याकडे, ऊस त्यांच्याकडे. वेल्ह्यात आंबी नदीवर पानशेत आहे, मोसे नदीवर वरसगाव आहे, आणि ते पाणी खडकवासल्यातून पुण्याला जाते. म्हणजे जो पुणेकर मामाच्या थंडगार पाण्याचे कौतुक लिहितो, तो घरी नळ सोडतो तेव्हाही याच तालुक्याचे पाणी पीत असतो. ही साधी गोष्ट, इतक्या वर्णनांत, मला एकदाही भेटली नाही. निसर्ग म्हणून पाहिलेले पाणी राजकारण म्हणून दिसत नाही, हे या लेखनाचे खरे मत आहे. ते कोणी जाणून मांडलेले नाही, म्हणूनच ते पक्के आहे.

मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय घेतला. गडाने तालुका गिळला, असे एखादा चटकन म्हणेल. माझाही मोह तोच होता. पण ही मागणी बाहेरून लादलेली नव्हती, तालुक्यातल्या अनेक ग्रामपंचायतींचे ठराव तिच्यामागे होते. आपला तालुका कुठे, असे विचारले की ‘वेल्हे’ सांगून समोरच्याला कळत नाही आणि ‘राजगड’ म्हटले की डोळे चमकतात, हा ज्याचा रोजचा अनुभव, त्याने ते नाव मागावे यात नवल नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. वेल्हे गाव मात्र तोरण्याच्या पायथ्याशी आहे. नामांतरावर बाहेरून लिहिणाऱ्यांनी इतिहासाचे, अस्मितेचे दाखले दोन्ही बाजूंनी दिले; आपल्याच लेखनाने या तालुक्यातले गड तेवढे प्रसिद्ध केले आणि गावे निनावी ठेवली, त्याचा या मागणीशी काही संबंध असेल, अशी शंका कोणाला आली नाही.

आता मामाच्या मुलाच्या हातात फोन आहे. गावात रेंज नसली तर तो टेकाडावर जाऊन बसतो. भोर-वेल्ह्याची तरुण मंडळी काय मांडते, तेही मी शक्य तितके पाहिले. बरेचसे शहरी नमुन्यावरच बेतलेले आहे: तेच ड्रोन, तोच पोवाडा, आपलाच गड पाहुण्याच्या नजरेने. निवडणुकीच्या दिवसांत मात्र भाषा बदलते. लिहिलेला मजकूर पुढे ढकललेला, उसना असतो. पण बोलून पाठवलेल्या निरोपांत पाणी, एसटी, रस्ता, पुण्या-मुंबईला गेलेल्यांची बंद घरे, सगळे मावळी हेल घेऊन येते. टीका झोंबरी असते आणि ज्याच्यावर करायची त्याला नावानिशी ओळखून केलेली असते. हे निरोप उतरवून ठेवण्याची सोय अजून कोणी केलेली नाही. शतपत्रे साप्ताहिकात छापली म्हणून आपल्याला मिळाली.

अशा मुलांपैकी एकाची चित्रफीत मला या सगळ्या साठ्यात उजवी वाटते. आषाढातली भातलावणी आहे. घरातल्या बायका गुडघाभर चिखलात, वाकलेल्या. त्यांच्या बोलण्याचा आवाज तसाच ठेवलेला, वर संगीत नाही. मागे ढगात गड आहे, पण कॅमेरा तिकडे वळत नाही आणि मुलगा त्याचे नाव सांगत नाही. यंदा रोपे उशिरा झाली आणि मजूर मिळाले नाहीत, एवढेच तो बोलतो. त्यावर लोकांनी विचारले आहे, हा कोणता किल्ला, गाडी कुठपर्यंत जाते, जेवणाची सोय होईल का. मुलाने गाडी कुठे लावायची ते कळवले आहे आणि जेवणासाठी आदल्या दिवशी फोन करा, असेही.