वाड्यांच्या आठवणींतील गाळलेली पाने

पुण्यातील जुन्या वास्तूंवर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ 1868 सालचे; म्हणजे ही परंपरा दीडशे वर्षांहून जुनी. आज या लेखनाचे दोन ठळक प्रकार दिसतात. इतिहासपर लेखन शनिवारवाड्याच्या 1730 मधील पायाभरणीपासून निघते आणि 1818 मध्ये पेशवाईबरोबर संपते. आठवणीपर लेखन स्वातंत्र्याच्या आसपास सुरू होते, ओसरी, झोपाळा, सामाईक नळ या वाटेने जाते आणि वाडा पाडून उभारलेल्या इमारतीपाशी उसासा टाकते. मधली सव्वाशे वर्षे बहुधा गाळलेलीच असतात.

वास्तविक याच काळात वाडे शहराच्या अधिक उपयोगी पडले. विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाचा विलास आणि सुरूदार खांब यांवर सारे लिहितात. परंतु तेथे 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. 1879 च्या आगीत वाड्याची मोठी हानी झाली, तरी तो सावरला. पुढे नगरपालिकेचा कारभारही तेथून चालला. वास्तू टिकली ती बांधणाऱ्याच्या नावामुळे नव्हे, नंतरच्या वापरामुळे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. आठवण सांगणारा वाड्यात कोठे उभा होता, हे आपण विचारत नाही. कात्रजच्या तलावातून नळाने पेठांतील हौदांना पाणी येई. त्या हौदांचे वर्णन आपण कौतुकाने वाचतो. त्यांवर कोणाला पाणी भरता येत नव्हते, हे मात्र वर्णनात येत नाही. जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो 1868 मध्येच. बुधवार पेठेतील भिडेवाड्यात त्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. तो वाडा जीर्ण होत अखेर डिसेंबर 2023 मध्ये, स्मारकासाठी, पाडण्यात आला. एवढ्या मोलाची वास्तू वाड्यांविषयीच्या हळव्या लेखनात इतकी कमी का भेटते, याचे उत्तर वास्तूत नाही, लिहिणाऱ्यांत आहे.

माझे बालपण अशाच एका वाड्यातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गेले. झोपाळा मालकांचा होता. आमच्या वाट्याला जिन्याखाली कोळसे ठेवण्याची जागा आणि महिन्याची भाडेपावती होती. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाची त्या एकाच अंगणाची आठवण वेगळी आहे, आणि लिहिली गेली ती बहुधा एकच.

ती भाडेपावती हाही इतिहासाचा कागद आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक जुनी भाडी 1940 च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला आधार मिळाला, पण वर्षे लोटली तसे त्या भाड्यात मालकाला कौले फिरवणेही परवडेनासे झाले. 1961 च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे एका दिवसात पाडले. उरलेल्यांपैकी पुष्कळांना या हिशेबाने हळूहळू पोखरले. सगळा दोष बिल्डरवर टाकणाऱ्या लेखात हा हिशेब सहसा नसतो.

आठवणी नकोत, असा याचा अर्थ नाही. त्यांना तारीख, पत्ता आणि सांगणाऱ्याची जागा हवी. भाडेपावत्या, सिटी सर्व्हेचे उतारे, शाळांची हजेरीपत्रके अजून कपाटांत सापडतात. मोलकरणी, भाडेकरू, विधवा आत्या यांनी पाहिलेला वाडा सांगणारी माणसेही अजून आहेत. वाडा पडला तरी त्याचा नकाशा काढता येतो. ही माणसे गेल्यावर मात्र त्या नकाशातल्या खोल्यांत कोण राहत होते, हे कोणालाच सांगता येणार नाही.