बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांतील शेतकरी स्त्रीचे जीवन : श्रम, कुटुंब आणि समूह

प्रस्तावना

आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात बहिणाबाई नथूजी चौधरी यांचे स्थान आता निर्विवाद आहे. २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील असोदे येथे महाजनांच्या शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्यानंतरचे सारे आयुष्य शेती, घर आणि तीन अपत्ये यांच्या भोवती गेले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. १९६१ मधील ‘मानिनी’ या चित्रपटाने ही गाणी घराघरांत नेली. ११ ऑगस्ट २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ या नावाने ओळखले जाते.

या गौरवाबरोबर एक वाचनपद्धतीही रूढ झाली. ‘निरक्षर असूनही थोर’, ‘निसर्गकन्या’, ‘सुभाषितकार’ ही विशेषणे पाठ्यपुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत सर्वत्र आढळतात. त्यांत आदर आहे, परंतु आकलन अपुरे आहे. कविता दैवी चमत्कार ठरली की ती ज्या श्रमातून, नात्यांतून आणि बोलीतून घडली त्यांचा विचार करण्याची गरज उरत नाही. प्रस्तुत लेखात बहिणाबाईंच्या गाण्यांकडे खानदेशातील शेतकरी स्त्रीच्या जीवनाचा स्मरणलेख म्हणून पाहण्याचा आणि त्या स्मरणाची सामर्थ्ये व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

कागदाचा वारसा आणि कंठाचा वारसा

बहिणाबाईंचा काळ हाच खानदेशात इतिहाससाधनांच्या जतनाचा काळ होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या रक्षणासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते जमवली आणि श्री समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. दप्तरे, बखरी, पोथ्या यांचा शोध घेत ही मंडळी गावोगाव हिंडली. महाराष्ट्राने त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

मात्र कागदाचा शोध घेणाऱ्याला कागदच सापडतो. ज्या घरांत दप्तर नव्हते, तेथील स्मृती स्त्रियांच्या कंठात होती. तिच्याकडे लक्ष वळण्यास अवधी लागला. अमळनेर येथे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवून पुढे ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह सिद्ध केला. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे प्रचंड काम उभारले. बहिणाबाईंची गाणी मात्र कोणा संशोधकाने शोधली नाहीत. काम करता करता त्या म्हणत आणि पुत्र कवी सोपानदेव चौधरी व त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी ती टिपून घेत. जे टिपले गेले ते राहिले, उरलेले त्यांच्याबरोबर गेले. म्हणजे उपलब्ध संग्रह हा त्यांच्या निर्मितीचा एक अंश आहे.

लेखनिकाच्या भूमिकेचाही विचार येथे आवश्यक ठरतो. कंठातले गाणे कागदावर येताना त्याचा एक पाठ स्थिर होतो. गाताना शक्य असलेले पाठभेद, ऐकणाऱ्या बायकांचा प्रतिसाद, कामाच्या गतीबरोबर बदलणारी लय यांतले काहीच वहीत उतरत नाही. शिवाय टिपणारा स्वतः कवी असेल तर त्याच्या निवडीलाही महत्त्व येते. यामुळे बहिणाबाईंचे कर्तृत्व उणावत नाही. आपल्यासमोरची संहिता हा मौखिक परंपरेतून छापील परंपरेत आलेला पाठ आहे, एवढे भान मात्र त्यामुळे राहते. बहिणाबाईंना स्वतःला या संक्रमणाचे कुतूहल होते. छापखान्यावरील त्यांच्या गाण्यात छपाईने कोऱ्या कागदाला आलेले शहाणपण आणि माणसाचे कायम राहिलेले खुळेपण यांचा विरोध साधला आहे. अक्षरओळख नसलेली ही स्त्री अक्षरांच्या प्रतिष्ठेने दिपून जात नाही, उलट तिची परीक्षा घेते.

श्रमाचे काव्यशास्त्र

‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ या गाण्यांची नावे एकापुढे एक ठेवली तर खरीपाच्या पेरणीपासून खळ्यातील राशीपर्यंतचा क्रम उभा राहतो. मराठीतील बऱ्याच निसर्गकवितेत शेत हे पाहण्याचे दृश्य असते. येथे ते करण्याचे काम आहे. उफणणी करणाऱ्याला वारा हवा असतो. तो पडला की भरलेली टोपली हातात घेऊन थांबावे लागते आणि कणसातून निघालेले धान्य भुशासह खळ्यात पडून राहते. म्हणून वाऱ्याला घातलेली साद हा केवळ कल्पनाविलास ठरत नाही. तिच्यामागे मजुरीचा दिवस वाया जाण्याची आणि अवेळी पाऊस आल्यास रास भिजण्याची धास्ती आहे. निसर्गाचे मानवीकरण हा अलंकार वाटतो तेथे प्रत्यक्षात कामाच्या जोडीदाराशी चाललेले बोलणे असते.

‘घरोट’ हे गाणे या दृष्टीने मध्यवर्ती मानता येईल. जात्यातून पीठ झरावे तसे पोटातले गाणे ओठांवर यावे, अशा आशयाची जोड त्यात आहे. ही उपमा म्हणजे बहिणाबाईंचे काव्यशास्त्रच होय. गाणे आपोआप स्फुरते असे येथे म्हटलेले नाही. दाणा घालावा लागतो, खुंटा ओढावा लागतो आणि दोन तळ्यांमध्ये भरडले गेल्यावरच पीठ पडते. निर्मितीला श्रम आणि घर्षण लागते ही जाण तीत आहे. त्यांच्या रचनेतील अष्टाक्षरी चरणांची चालही याच फेऱ्यांशी जुळणारी आहे. ओवीची शिस्त, भजनाचा ठेका, म्हणींतील नेमकेपणा आणि सणांच्या गाण्यांतील प्रश्नोत्तरे यांतून त्यांचे शिक्षण झाले होते. शाळेची पाटी हातात न धरलेल्या व्यक्तीला ‘अशिक्षित’ म्हणताना हे दुसरे शिक्षण विचारात घेतले जात नाही.

शेतातले काम आटोपले की चूल, पाणी, दळण ही दुसरी पाळी सुरू होते. न पेटणारी चूल हा बहिणाबाईंच्या गाण्याचा विषय होऊ शकतो, कारण घरकामाला त्या कमी प्रतीचे काम समजत नाहीत. अर्थशास्त्राने या कामाची मोजदाद करण्याचा प्रश्न पुढे उचलला. त्यांच्या गाण्यांत शेत आणि घर ही एकाच श्रमाची दोन टोके आहेत.

माहेर, वैधव्य आणि हक्क

माहेरची गाणी हा बहिणाबाईंच्या कवितेतील सर्वांत लोकप्रिय भाग आहे. असोदे आणि जळगाव यांतील अंतर थोडके असले तरी सासुरवाशिणीच्या मनात ते मोठे आहे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हा खानदेशातील लेकींच्या माहेरपणाचा सण. झोके, गाणी, मैत्रिणींच्या भेटी आणि चार दिवसांची मोकळीक असे त्याचे स्वरूप असते. समीक्षेने या गाण्यांत हळवेपणा पाहिला आणि तो आहेही. परंतु त्याच्या तळाशी एक व्यवस्था आहे. लेक माहेरी येते ती पाहुणी म्हणून. ज्या शेतात तिने बालपणी काम केले त्यावर तिचा हक्क नसतो. हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये आला. वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. बहिणाबाईंचे संपूर्ण आयुष्य यापूर्वीचे आहे. त्यांच्या गाण्यांतील माहेरची ओढ आणि मालकीचा अभाव एकत्र वाचले तर सणाच्या चार दिवसांना एवढे मोल का, याचा उलगडा होतो.

वैधव्याची गाणी याहून कठोर आहेत. १९३७ च्या कायद्यापूर्वी एकत्र कुटुंबातील विधवेला सामान्यतः पोटगीपुरताच आधार होता. पतीच्या निधनानंतर बहिणाबाईंना आर्थिक व कौटुंबिक ओढाताण सोसावी लागली. प्लेगच्या साथीने थोरल्या ओंकारला कायमचे अपंगत्व आले. या पार्श्वभूमीवर त्यांचे वैधव्यविषयक गाणे पाहावे. सौभाग्याची जी चिन्हे समाज काढून घेतो ती त्या एकेक मोजतात आणि प्रत्येकासमोर काढून घेता न येणारे काही ठेवतात : कातडीत रुतलेले गोंदण आणि कष्टणाऱ्या मनगटातले कर्तृत्व. हे सांत्वन दैवावर विसंबलेले नाही. हात पाहून भविष्य सांगणाऱ्याला आपले दैव माहीत आहे असे म्हणून परत पाठवणारी ही स्त्री स्वतःच्या हातांकडे रेषांसाठी पाहत नाही. कामासाठी पाहते. ‘भोळी श्रद्धा’ हे लेबल या ठिकाणी टिकत नाही.

पुढे १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन झाले. त्यानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमाद्वारे पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले. कसणारी बाई आणि सातबाऱ्यावरचे नाव यांतील तफावत तेव्हा जाहीर चर्चेत आली. बहिणाबाईंनी हा प्रश्न हक्काच्या भाषेत मांडला नाही. परंतु ज्या अनुभवातून तो निर्माण होतो त्याची नोंद त्यांच्या गाण्यांत आधीच झालेली होती.

समूह आणि बोली

बहिणाबाईंच्या गाण्यांत एकटा ‘मी’ क्वचितच असतो. शेजारीण, भजनी, गोसावी, बैल, सुगरण, कडुनिंब यांचा त्यात राबता आहे. पोळ्याच्या गाण्यात बैलाचे ऋण मानले आहे. उपकार करणारा मुका असला तरी देणे फिटत नाही, ही शेतकरी नीती त्यामागे आहे. मनाविषयीच्या त्यांच्या प्रसिद्ध चिंतनातही उभ्या पिकात शिरणाऱ्या गुरासारखी रोजच्या राखणीतली प्रतिमा येते. तत्त्वज्ञान येथे वरून लादलेले नसून बांधावरून आलेले आहे.

त्यांच्या भाषेविषयीही स्पष्टता हवी. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिम भागातील अहिराणीशी ही बोली सरसकट एक मानली जाते. वस्तुतः ती पूर्व खानदेशातील लेवा समाजात रुळलेली, वऱ्हाडीला जवळची बोली आहे. ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ ही तिची ठळक लक्षणे ‘पोया’, ‘पेरनी’ या शीर्षकांतच दिसतात. प्रमाण मराठीत रूपांतर केल्यास केवळ उच्चार बदलत नाही, तर अक्षरसंख्या, यमक आणि शब्दांतील श्लेष विस्कटतात. वर्गात या कविता शिकवताना प्रमाण अर्थ सांगून पुढे जाण्याची प्रथा आहे. जळगाव परिसरातील ज्या विद्यार्थिनींच्या आजीची ही बोली आहे, त्यांना ती वर्गात बोलताना संकोच वाटत असेल तर कवयित्रीच्या नावाचे विद्यापीठ असूनही तिचा वारसा पोहोचला असे म्हणता येणार नाही.

स्मरणाच्या मर्यादा

बहिणाबाईंना समस्त शेतकरी स्त्रियांच्या प्रतिनिधी ठरवणे मात्र योग्य नव्हे. त्या जमीन कसणाऱ्या कुटुंबातील होत्या. आखाजी हा त्यांच्या गाण्यात माहेराचा सण आहे, तर सालदाराच्या घरी त्याच दिवशी जुने साल संपून नव्या सालाचा करार होत असे. मजूर आणि आदिवासी स्त्रीच्या दृष्टीने शेताचा अर्थ वेगळा आहे. तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादे भागात १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या चळवळीत भिल्ल शेतमजूर स्त्रिया पुढे आल्या. मजुरी, जमीन आणि दारूबंदी या प्रश्नांवर त्या बोलू लागल्या. त्यांचा आवाज बहिणाबाईंच्या गाण्यात शोधणे हा दोघींवरही अन्याय ठरेल. एका स्त्रीचे स्मरण इतरांच्या विस्मरणावर पांघरूण घालणारे होऊ नये.

समारोप

बहिणाबाईंच्या गाण्यांचे महत्त्व त्या निरक्षर असण्यात नाही. शेतकरी स्त्रीच्या कामाला, नात्यांना आणि दुःखाला त्यांनी कामाच्याच लयीत नेमके रूप दिले, यात ते आहे. ‘निसर्गकन्या’ या कौतुकातून बाहेर काढून या गाण्यांचे वाचन श्रम, वारसाहक्क, मौखिक परंपरा आणि बोली यांच्या संदर्भात झाले, तर त्यांचा आशय अधिक समृद्ध दिसतो. असे वाचन मराठी, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे. खानदेशातील महाविद्यालयांना त्यासाठी दूर जावे लागणार नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील गावांत जात्यावरच्या ओव्या आणि आखाजीची गाणी पाठ असलेल्या वृद्ध स्त्रिया आजही आहेत. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत, त्यांच्या संमतीने आणि गाणारणीच्या कामासह नोंदवून ठेवणे हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे नाही. बहिणाबाईंची काही गाणी घरात लिहिणारा मुलगा होता म्हणून वाचली. इतरांच्या गाण्यांसाठी तो योग जुळून येण्याची वाट पाहत बसणे हे अभ्यासकाला शोभणारे नाही.