गिटार-वादनाचे पद्धतिग्रंथ

पाश्चात्त्य अभिजात गिटारचे वादनतंत्र क्रमवार पाठांतून शिकविणारे ग्रंथ. वाद्य धरण्याची रीत, दोन्ही हातांची ठेवण, स्वरलिपीचे वाचन, स्वरसप्तके, स्वरसंघात आणि चढत्या काठिण्याचे अभ्यासपाठ असा त्यांचा सर्वसाधारण साचा असतो. इ. स. १८०० च्या सुमारास यूरोपात पाच जोडतारांच्या गिटारची जागा सहा एकेरी तारांच्या गिटारने घेतली आणि पॅरिस, व्हिएन्ना यांसारख्या शहरांत हौशी वादकांचा वर्ग वाढला. त्याची गरज भागविण्यासाठी हे ग्रंथ निर्माण झाले. त्यांपैकी कित्येक आजही छापले जातात व शिक्षकाची जोड नसलेले विद्यार्थी त्यांच्याच आधारे आरंभ करतात. त्यामुळे त्यांतील ग्राह्य काय व त्याज्य काय, हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या वाद्यासाठी दिलेल्या सूचना आजच्या वाद्यावर जशाच्या तशा पाळल्यास नाद खुंटतो आणि मनगटावर अनाठायी ताण येतो.

याचे कारण वाद्यातच आहे. त्या काळातील गिटार आकाराने लहान, मानेने अरुंद व तातीच्या तारांची असे. आंतोन्यो दे तोर्रेस (१८१७–९२) या स्पॅनिश कारागिराने तिचा कोठा मोठा केला व तारेची सु. ६५ सेंमी. लांबी रूढ केली. १९४० नंतरच्या दशकात तातीऐवजी नायलॉनच्या तारा आल्या. जुन्या अनेक ग्रंथांत उजव्या हाताची करंगळी तबलीवर टेकवावी, असे सांगितलेले आढळते. फेर्दिनांदो कारुल्ली (१७७०–१८४१) डाव्या हाताचा अंगठा मानेवरून वळवून सहावी तार दाबण्यासही मुभा देतो. लहान वाद्यावर या दोन्ही गोष्टी सोयीच्या होत्या. आजच्या रुंद मानेच्या गिटारवर अंगठा असा वळविला, की उरलेल्या चार बोटांचा पल्ला आखडतो. टेकलेली करंगळी अनामिकेला जखडून ठेवते. ग्रंथकाराचे चुकले नव्हते, वाद्य बदलले.

अभ्यासक्रम म्हणून सर्वाधिक टिकला तो मात्तेओ कार्कास्सी (१७९२–१८५३) याचा ऑपस ५९ हा ग्रंथ (१८३६). त्याची मांडणी स्वरपट्ट्यांनुसार आहे : प्रत्येक पट्टीचे सप्तक, स्वरसंघात, छोटे पूर्ववादन आणि मग सोप्या रचना. विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यापासून काहीतरी श्रवणीय वाजविता येते, हे त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य होय. परंतु स्वरपट्टीचा क्रम हा हाताच्या अडचणींचा क्रम नव्हे. एफ मेजर येताच आडव्या तर्जनीने एका पडद्यावरील अनेक तारा दाबण्याची वेळ येते. अद्याप न कसलेल्या हाताला हा व्यायाम जड जातो. शिवाय विद्यार्थी दीर्घकाळ पहिल्या काही पडद्यांपाशीच रेंगाळतो. कार्कास्सीची खरी गुणवत्ता त्याच्या ऑपस ६० मधील पंचवीस अभ्यासपाठांत दिसते. त्यांत प्रत्येक तांत्रिक अडचण एका पूर्ण संगीतरचनेत मुरविली आहे. माउरो जूल्यानी (१७८१–१८२९) याने ऑपस १ (व्हिएन्ना, १८१२) मध्ये याच्या नेमका उलटा मार्ग धरला. डाव्या हाताला सी व जी-सात हे दोनच स्वरसंघात देऊन उजव्या हातासाठी बोटांचे १२० निरनिराळे क्रम त्याने रचले. एका हाताला विसावा देऊन दुसऱ्याकडे सारे लक्ष वेधण्याची ही युक्ती अजून जुनी झालेली नाही. मात्र ते १२० क्रम ओळीने घोटत बसणे हा शुद्ध कंटाळा आहे.

फर्नांदो सोर (१७७८–१८३९) याचा ग्रंथ (पॅरिस, १८३०) या सर्वांहून वेगळ्या जातीचा आहे. त्याला पाठमाला म्हणणेच चुकीचे ठरेल. तो एक प्रबंध आहे. वाद्य अमुक रीतीने का धरावे, बोट तारेवर कोणत्या दिशेने पडावे, याची कारणे सोर आकृत्यांच्या साहाय्याने देतो, आणि कारण देता येत नाही असा नियम मानण्याची त्याची तयारी नाही. गिटार स्थिर राहावी म्हणून तो मेजाचा आधार घेतो. उजव्या हाताची अंगठा, तर्जनी व मध्यमा ही तीनच बोटे त्याला बहुधा पुरतात. वादन तो नखांवाचून करतो. सनईच्या कुळातील ओबोचा नाद आणण्यापुरतीच नखाची परवानगी देतो. तृतीयांतरे व षष्ठांतरे यांवर प्रभुत्व आले, की मानेचा नकाशा हाती येतो, हा त्याचा मुख्य सिद्धांत. गिटार म्हणजे बोटांच्या करामतीचे साधन नसून स्वतंत्र स्वरपंक्ती एकत्र चालविणारे वाद्य होय, ही दृष्टी त्यामागे आहे. हाइडनच्या ‘द क्रिएशन’ मधील गायनाची साथ गिटारवर कशी उतरवावी, याचे विवेचनही त्याने केले आहे. असा ग्रंथ नवशिक्याच्या हाती प्रथम देणे व्यर्थ. परंतु चार-पाच वर्षे शिकलेल्याने तो न वाचणे हे मोठेच नुकसान. नवशिक्यांसाठी सोरने ऑपस ३१, ३५ व ६० हे पाठसंग्रह स्वतंत्रपणे काढले, आणि विचार व सराव यांची ही फारकत त्याच्या ग्रंथाला अपप्रसिद्धीत ढकलण्यास कारणीभूत झाली असावी.

सोरचा स्नेही दिओनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) हा नखांचा पुरस्कर्ता. सोरचे वादन ऐकल्यावर त्याने अंगठ्याचे नख मात्र वर्ज्य केले आणि तसे आपल्या ग्रंथात नमूद केले. त्याचा १८४३ चा ‘नवा पद्धतिग्रंथ’ अध्यापनाच्या दृष्टीने त्या शतकातील सर्वांत रेखीव म्हणावा लागेल. गिटार अंगापासून सुटी ठेवणारी तिपाई त्याने योजिली होती. ती मागे पडली. तथापि डाव्या पायाखालील चौरंगाऐवजी मांडीवर बसणारे आधार आज वापरले जातात, त्यांमागील विचार त्याच दिशेचा आहे.

फ्रान्थिस्को तारेगा (१८५२–१९०९) या प्रभावी शिक्षकाने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. शिष्यांनी त्याची पद्धती शब्दांकित केली, आणि येथे एक विसंगती लक्षात येते. तार छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकविण्याचा आघात तारेगाच्या परंपरेत महत्त्वाचा ठरला. पण तो नाद कसा असावा, हे कागद सांगू शकत नाही. एमिल्यो पुजोल (१८८६–१९८०) याने ‘एस्कुएला रासोनादा’ च्या चार भागांत (पहिला १९३४, चौथा १९७१) त्याचे शक्य तितके सूक्ष्म वर्णन केले. तरीही गुरूने हात धरून दाखविलेल्या गोष्टीची सर त्याला येत नाही. मराठी वाचकाला याची प्रचीती भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’ वरून येईल : चीज कागदावर आली, तिची गायकी आली नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शरीरक्रियेचा विचार पुढे आला. उरुग्वेचा आबेल कार्लेव्हारो (१९१६–२००१) याने ‘एस्कुएला दे ला गितार्रा’ (१९७९) मध्ये सुट्या बोटापेक्षा संपूर्ण बाहूच्या हालचालीला प्राधान्य दिले. अमेरिकेत ॲरन शिअरर (१९१९–२००८) याने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्वतःच्याच पद्धतीची १९९० च्या सुमारास नव्याने मांडणी केली. जुन्या ग्रंथांना अचल प्रमाण मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

जुने ग्रंथ वाचताना सर्वांत फसवी बाब म्हणजे संपादकांचे हात. सोरच्या मृत्यूनंतर त्याचा शिष्य नापोलेआँ कॉस्त याने त्याचे लेखन नव्या रूपात प्रसिद्ध केले. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याने १९४५ मध्ये सोरचे वीस अभ्यासपाठ निवडून त्यांना स्वतःचे अनुक्रमांक व स्वतःची अंगुलियोजना दिली. हा संग्रह इतका रुळला, की अनेकांना तेच मूळ वाटते. वस्तुतः त्यातील बोटांचे आकडे मोठ्या गिटारवर नखांनी वाजविणाऱ्या वादकाचे आहेत; तीन बोटांनी, नखांवाचून वाजविणाऱ्या सोरचे नव्हेत. मूळ आवृत्त्यांच्या प्रतिकृती आता उपलब्ध असल्याने एकच पाठ दोन्ही रूपांत शेजारी ठेवून पाहता येतो. अशा तुलनेत सोरने मधल्या स्वरपंक्तीला दिलेली लांबी संपादित प्रतीत कोठे तुटली आहे, हे विद्यार्थ्याला आकड्यांवरूनही ओळखता येते.