वयोगटाचा रकाना आधी वाचा

मुलांच्या अपघातांवर काम करायचं ठरवलंत की एक अहवाल तुमच्या हातात येणारच. मुलांना होणाऱ्या इजा आणि त्या टाळण्याचे उपाय यांवर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००८ साली काढलेला. मी तो तीनदा वाचला. त्यातले पहिले दोन वेळा चुकीचा वाचला, म्हणून ही पोस्ट.

अहवाल चांगलाच आहे, त्यात वाद नाही. १५ ते १९ वयात रस्ते अपघात हे मृत्यूचं पहिलं कारण, १० ते १४ मध्ये दुसरं. भाजून होणाऱ्या मृत्यूंचा दर मात्र तान्ह्या मुलांत सर्वांत जास्त आणि १० ते १४ मध्ये सर्वांत कमी. वर भाजणं हा एकच प्रकार असा, की त्यात मुलींचा दर मुलांपेक्षा जास्त. ही मांडणी वाचून मी खूश झालो आणि तिथेच फसलो.

अपघाती इजांनी वर्षाला सुमारे ८ लाख ३० हजार मुलं जातात, हा ठळक आकडा १८ वर्षांखालच्यांचा आहे. पण रस्त्यावरचे २ लाख ६० हजार, बुडून १ लाख ७५ हजार, भाजून ९६ हजार, पडून ४७ हजार आणि विषबाधेने ४५ हजार, हे सगळे आकडे २० वर्षांखालच्यांचे! मी पाचांची बेरीज करून ती ८ लाख ३० हजारांतून वजा केली आणि 'इतर कारणं' म्हणून छान पाय चार्ट काढला. गाइडनी त्यावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'ही कोणाची मुलं?'

अहवालाला दोष द्यायचा तर इथे द्यावा लागतो. दोन वयमर्यादा असणं गैर नाही, पण ठळक आकड्यांजवळ ते वाचकाच्या डोळ्यांत भरत नाही. शिवाय त्या 'इतर'मध्ये गुदमरणं, घशात वस्तू अडकणं, साप-विंचू सगळं एकत्र. रांगत्या मुलाचा मोठा धोका असा किरकोळीत जातो. माझी भाची आठ महिन्यांची असताना जमिनीवरचं सापडेल ते तोंडात घालायची. दीड वर्षाची झाली तेव्हा कुकर बघायला ओट्याशी स्टूल ओढायला लागली. दहा महिन्यांत धोका जमिनीवरून ओट्यावर चढला की नाही?

आता आपल्याकडचं बघा. एनसीआरबीचा अपघाती मृत्यूंचा वार्षिक अहवाल पोलिसांच्या नोंदींवरून बनतो. त्यात '१४ वर्षांखालील' असा एक रकाना आहे. पाण्याच्या टाकीत पडलेलं दीड वर्षाचं मूल आणि मित्रांबरोबर नदीत उतरलेला तेरा वर्षांचा मुलगा, दोघेही त्यातच.

याने काय बिघडतं, ते बांगलादेशात बघायला मिळतं. तिथल्या खेड्यांत घराशेजारच्या तळ्यात लहान मुलं बुडतात, बहुतेक वेळा सकाळी, आई कामात असताना. म्हणून १ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी सकाळी नऊ ते दुपारी एक चालणारी 'आंचल' केंद्रं काढली. पोहायला शिकवायचं ते चार वर्षांच्या पुढच्यांना. एकाच रकान्यातून बघितलं असतं तर निष्कर्ष निघाला असता, 'मुलं बुडतात, पोहणं शिकवा.' दीड वर्षाच्या मुलाला?

तेव्हा टेबल हातात आलं की कारणं नंतर बघा. आधी वयाच्या सीमा कुठे ओढल्यात, मृत्यू मोजलेत की इजा, आणि दर आहे की नुसती संख्या, हे वहीत लिहा. पडण्याचंच घ्या. मृत्यूंच्या यादीत ते खाली दिसतं, पण जिवावर न बेतणाऱ्या इजांमध्ये पहिलं येतं.

मी सध्या एका रुग्णालयाची जुनी रजिस्टरं चाळतोय, वय महिन्यांत मिळेल या आशेने. काल अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या तिघांच्या वयाच्या रकान्यात नुसतं 'बालक' लिहिलंय.