कुलवृत्तांताबाहेरची वंशावळ : 'बलुतं'मधील कावाखाना आणि नाहीशा झालेल्या कामकरी वस्त्या

मराठीत 'कुलवृत्तांत' या नावाने ओळखला जाणारा एक लेखनप्रकार आहे. समीक्षेने त्याची वाङ्मय म्हणून क्वचितच दखल घेतली आहे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत सिद्ध केले. आडनाव, गोत्र, मूळ गाव, कुलदैवत, इनाम-वतन, शाखा-उपशाखा आणि अखेरीस घडी घालून जोडलेला वंशवृक्ष, असा त्यांचा ठरलेला साचा. या साच्यामागे दोन गृहीतके असतात. घराणे एका गावाशी बांधलेले असते, आणि घराण्याचे कागद कोणीतरी जपून ठेवलेले असतात. सनदा, महजर, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या यांवर हा सारा डोलारा उभा राहतो. शहरातल्या गिरणीत वा गोदीत राबलेल्या आणि भाड्याच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहिलेल्या माणसाच्या नातवाला यांपैकी काहीच हाती लागत नाही. त्याच्या पूर्वजांचा ठाव एखाद्या गल्लीत, चाळीत, वाडीत असतो, आणि ती गल्लीच जमीनदोस्त झालेली असते. अशा वेळी घराण्याचा इतिहास कोठून काढायचा, हा प्रश्न भावनेपुरता मर्यादित राहत नाही. तो पुराव्याचा आणि म्हणून लेखनपद्धतीचाही प्रश्न होतो.

दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) या प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. दलित आत्मकथनाचा आरंभबिंदू म्हणून या ग्रंथाची इतकी चर्चा झाली आहे, की त्यातील एका वस्तीचा लेखाजोखा, म्हणजे कावाखान्याचा, केवळ पार्श्वभूमी म्हणून वाचला गेला. वास्तविक कावाखाना ही या कथनातील पार्श्वभूमी नसून त्याचे प्रमुख साधन आहे. नागपाड्याच्या परिसरातली, कामाठीपुरा, गोलपिठा आणि चोरबाजार यांच्या सान्निध्यातली ही वस्ती. शब्द मूळचा 'कहवाखाना', म्हणजे कॉफीचे घर. वस्तीतल्या माणसांचा मात्र त्या पेयाशी काही संबंध उरलेला नव्हता. एकेका खोलीत दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे. पुरुष हमाली करणारे, गोदीत, कारखान्यात जाणारे. बायका रस्तोरस्ती हिंडून चिंध्या, कागद, काचा, लोखंड, बाटल्या गोळा करीत, आणल्यावर त्या निवडून वेगवेगळ्या करीत आणि विकीत. निवेदकाचे वडील ड्राय डॉकमध्ये कामाला होते. वस्ती आता शोधूनही सापडणार नाही, तिच्या जागी उंच इमारत उभी राहिली आहे, हे खुद्द 'बलुतं'च वाचकाला सांगून टाकते. म्हणजे १९७८ मध्येच हे लेखन एका नाहीशा झालेल्या वस्तीवरचे लेखन होते.

कुलवृत्तांताच्या शेजारी ठेवून पाहिले की 'बलुतं'ची रचना स्पष्ट होते. कुलवृत्तांतात 'वतन' हा मानाचा शब्द आहे. महाराच्या वाट्याला आलेले वतन मात्र वेठीचे होते, आणि १९५८ च्या कायद्याने ते संपुष्टात आले. ग्रंथाचे शीर्षकच त्या हक्काचे आणि त्या लाचारीचे एकत्र स्मरण करून देते. त्यामुळे अकोले तालुक्यातील धामणगाव हे मूळ गाव असूनही ते वंशाचे मूळ म्हणून अभिमानाने दाखवता येत नाही. गाव आणि कावाखाना यांच्यात निवेदकाचे बालपण येरझारा घालते आणि कोठेही स्थिर होत नाही. दगडू मारुती पवार हे गावचे नाव, दया पवार हे शहराने दिलेले. आणि संपूर्ण कथन या दोघांच्या भेटीच्या चौकटीत बसवलेले. घराण्याचा इतिहास सांगणारा आणि ऐकणारा एकाच माणसाचे दोन भाग आहेत. याला केवळ निवेदनतंत्र म्हणून चालणार नाही. साक्षीदार म्हणून दुसरा कोणी उरलेला नाही, ही परिस्थितीच त्या तंत्रातून प्रकट होते.

येथे आणखी एक फरक जाणवतो. कुलवृत्तांतात स्त्री येते ती 'अमक्याची कन्या, तमक्यास दिली' एवढ्यापुरती. 'बलुतं'मध्ये वडिलांची रेषा दारूत आणि अकाली मृत्यूत तुटते. कुटुंब पुढे चालते ते आजीच्या आणि आई सखूच्या कष्टांवर. वंशावळीची दिशाच बदलते. आश्चर्य असे, की ही बदललेली दिशा दाखवणारा निवेदक स्त्रियांविषयीच्या स्वतःच्या दृष्टीबद्दल नेहमीच सावध नसतो. कावाखान्यालगतच्या वेश्यावस्तीचे चित्रण करताना कुतूहल आणि करुणा यांची सीमारेषा काही ठिकाणी पुसट होते. वस्तीचा इतिहास स्त्रियांच्या श्रमावर उभा आहे हे हा ग्रंथ दाखवतो. त्या स्त्रियांना तो इतिहास सांगण्याचा अधिकार मात्र पुरेसा देत नाही. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'पर्यंत (२००३) त्यासाठी थांबावे लागते, जिथे आईचे टोपल्या विणणे हेच कथनाच्या विणीचे रूप ठरते.

त्याच परिसरातून नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' (१९७२) सहा वर्षे आधी आला होता. भूगोल जवळपास तोच, पण तेथे वस्ती कुटुंबाचा दस्तऐवज होत नाही. ती एक भाषा होते. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावनेत आपल्याला न कळलेल्या शब्दांचे अर्थ ढसाळांकडून जाणून घेतले, ही गोष्ट अनेकदा गमतीने सांगितली जाते. ती गंभीरपणे घ्यावयास हवी. नष्ट होणाऱ्या वस्तीबरोबर एक शब्दकोशही नष्ट होत असतो, आणि प्रस्तावनेतील ते अर्थ आज त्या कोशाचे उरलेले पान ठरतात. नारायण सुर्वे यांचा दाखला तिसऱ्याच टोकाचा. गंगाराम कुशाजी सुर्वे या गिरणी कामगाराला सापडलेले हे मूल. रक्ताची वंशावळ शोधण्याची वाटच तेथे बंद. 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहाच्या नावातच घराण्याच्या जागी कामगारवस्ती बसवली गेली आहे. पवार वंश शोधतात आणि तो तुटलेला सापडतो. सुर्वे तो शोधतच नाहीत. गिरणगावाच्या साहित्याचा विचार करताना या दोन भूमिका 'कामगार साहित्य' या एकाच मथळ्याखाली सरसकट घातल्या जातात, हे योग्य नव्हे.

गिरणगावाच्या बाबतीत हा प्रश्न पुढे अक्षरशः कायदेशीर झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप, त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचे झालेले रूपांतर आणि २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय हा क्रम परिचित आहे. गिरण्यांच्या जागेवरील घरांसाठी कामगाराला १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण हजेरीपटावर होतो हे सिद्ध करावे लागले. कामगार हयात नसेल तर वारसाला. तिकीट, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीची पावती यांसाठी गावाकडच्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. ज्या समाजाचा कुलवृत्तांत कोणी लिहिला नाही, त्याला २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीच्या निमित्ताने तो तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी संकलित केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास (२००४) आणि जयंत पवारांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक या पार्श्वभूमीवर एकत्र वाचता येतात. मौखिक इतिहासात माणसे काय घडले ते सांगतात. 'अधांतर'मधील धुरी कुटुंबात वडिलांचा वारसा म्हणजे काय, हेच कोणाला ठाऊक नाही. हजेरीपट या दुसऱ्या गोष्टीची नोंद ठेवीत नाही.

तुलनेसाठी चंडीगढकडे वळणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. फाळणीत लाहोर गेल्यानंतर कोऱ्या पाटीवर उभारलेले शहर, अशी त्याची ख्याती. पाटी कोरी नव्हती. तेथील गावे उठवून ती कोरी करण्यात आली. ज्या मजुरांनी हे शहर बांधले त्यांच्या वस्त्यांना नकाशात स्थान नव्हते, याची मांडणी मधू सरीन यांनी १९८२ मधील आपल्या अभ्यासात केली आहे. येथे वस्तीला नावही मिळाले नाही, क्रमांक मिळाला. कॉलनी नंबर ५ हटवली गेली २०१३ मध्ये. औद्योगिक क्षेत्रातील कॉलनी नंबर ४ पाडली गेली १ मे २०२२ रोजी, म्हणजे कामगारदिनी. (मराठी वाचकाला ती तारीख आणखी एका कारणाने पाठ असते.) पुनर्वसनाची भिस्त होती २००६ च्या बायोमेट्रिक सर्वेक्षणात नाव असण्यावर. मुंबईत हजेरीपट, येथे बोटांचे ठसे. 'कावाखाना' या नावाला निदान व्युत्पत्ती आहे. 'नंबर ४' या नावातून नातवाच्या हाती काय लागणार?

तरीही या शहराने एक समांतर पाठ निर्माण केला आहे, तो साहित्याबाहेरचा. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेले नेकचंद (१९२४–२०१५) यांचे स्वतःचे गाव फाळणीने सीमेपलीकडे गेले होते. शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबशांचे तुकडे, निकामी वस्तू ते अनेक वर्षे गुपचूप जंगलात नेत राहिले. १९७६ मध्ये जनतेला खुले झालेले रॉक गार्डन त्यातून साकारले. कलासमीक्षेत ते बहुधा भोळ्या प्रतिभेचा चमत्कार म्हणून येते. कावाखान्यातील बायकांच्या शेजारी ते ठेवले की वेगळे दिसते. रात्री चिंध्या, काच, लोखंड वेगळे करणाऱ्या त्या बायका आणि बांगड्यांचे तुकडे रंगांप्रमाणे लावणारा हा निरीक्षक, दोघेही भंगाराची निवड करतात. बायकांची निवड पोटासाठी होती आणि ती सकाळी विकली जाई. म्हणून तिचे काही उरले नाही. नेकचंदांची निवड सरकारी जमिनीवर, नोकरी सांभाळून होऊ शकली, आणि उघडकीस आल्यावर ती संरक्षणासही पात्र ठरली. त्यांच्या मूर्ती मात्र निनावी आहेत. कोणती बांगडी कोणत्या घरातली, हे त्या सांगू शकत नाहीत. 'बलुतं'मध्ये मागे भंगाराचा एकही तुकडा शिल्लक नाही, आणि तेथे सखूचे नाव आहे.