परमुलखाची चव आणि आमचीं प्रवासवर्णनें

काव्यचर्चेंत ज्या शब्दांवांचून आमचें पाऊल पुढें पडत नाहीं, ते बहुतेक शब्द जिभेचे आहेत. रस, आस्वाद, रुचि, चर्वणा हे सारे भोजनाच्या पंक्तींतून उठून साहित्यशास्त्रांत येऊन बसले. भरतमुनीनेंहि नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रस समजावून देतांना नाना व्यंजनांनीं संस्कारिलेल्या अन्नाचाच दृष्टान्त घेतला आहे. असें असतां, प्रत्यक्ष जिभेचा प्रसंग आला म्हणजे आमचे प्रवासवर्णनकार एकाएकीं अरसिक कां व्हावेत, हें एक कोडेंच आहे.

घाट, शिखरें, सूर्यास्त यांवर जे लेखक पानेंच्या पानें खर्ची घालतात, तेच लेखक परक्या गांवची मिठाई अथवा पेय पुढें आलें कीं एका विशेषणांत मोकळे होतात. आवडलें तर ‘अप्रतिम’, न आवडलें तर ‘विचित्र’. फारच झालें तर घरची एखादी उपमा देतात. काशीचा मलइयो घ्या. ‘आपल्या बासुंदीचा फेंस’ असें त्याचें वर्णन आम्हीं वाचलें आहे. उपमा अगदींच चुकीची नाहीं, परंतु तींतून त्या पदार्थाचा प्राणच निसटून जातो. मलइयो हा थंडीचा पदार्थ. तापविलेलें दूध हिंवाळ्याच्या रात्रीं उघड्या आकाशाखालीं दंवांत ठेवितात, पहांटे तें घुसळतात, आणि वर येणारा हलका फेंस केशर-वेलदोडा घालून मातीच्या कुल्हडांतून विकतात. ऊन चढलें कीं तो बसूं लागतो, म्हणून सकाळींच खावा लागतो. बासुंदी बाराहि महिने होते. मलइयोस काशीची थंडी लागते. जो लेखक एवढें सांगेल त्यानें चवीबरोबर ती पहांट आणि विकणाराची लगबग हींहि वाचकांच्या हातीं दिलीं असें होईल.

दुसऱ्यांचे दोष दाखवितांना स्वतःचा झांकून ठेवणें बरें नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही श्रीनगरास गेलों असतां एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस घरीं बोलावून नून चहा दिला. गुलाबी रंग पाहून आम्हीं मनांत सरबताची अपेक्षा धरली. घोट घेतला तों खारट! आम्हीं पेला खालीं ठेविला तो पुन्हां उचलला नाहीं. यजमान कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं तो पेला आपल्या हातानें आंत नेला आणि थोड्या वेळानें साखरेचा चहा आणून दिला. परत आल्यावर लिहिलेल्या लेखांत आम्हीं त्या पेयास ‘बिघडलेला चहा’ असें म्हटलें. वाचक हंसले, आणि आम्हांसहि तें मोठें चातुर्य वाटलें.

पुढें त्या चहाची कृति समजली तेव्हां तेंच वाक्य आम्हांस बोंचूं लागलें. हिरव्या चहाचीं पानें चिमूटभर सोडा घालून बराच वेळ उकळावीं लागतात. सोड्यामुळें काढा तांबडा होतो. गार पाणी घालून व पळीनें वरखालीं करून तो रंग खुलवितात. मग दूध पडलें कीं गुलाबी छटा येते. सकाळीं तंदुरांतील ताज्या रोटीबरोबर तो घेतात. ‘नून’ म्हणजे मीठ. जें आम्हीं वैगुण्य ठरविलें, तें त्या पेयाच्या नांवांतच सांगितलेलें होतें!

कांहीं वर्षांनीं आमच्या घरीं उत्तरेकडील एक विद्वान् पाहुणे जेवावयास आले होते. त्या दिवशीं सोलकढी होती. तिचाहि रंग गुलाबीच. त्यांनीं सरबत समजून घोट घेतला आणि आमसूल, लसूण व नारळाचें दूध यांचा तो संगम जिभेवर येतांच ते क्षणभर थबकले. मग त्यांनीं विचारलें, “ही भाताबरोबर घ्यावयाची, कीं जेवणाच्या शेवटीं?” कीट्सला तुकारामाच्या मापानें मोजूं नका, असें आम्ही विद्यार्थ्यांस पंचवीस वर्षें सांगत आलों, पण टीकाकारानें विचारावयाचा पहिला प्रश्न आम्हांस त्या पाहुण्यांनीं शिकविला. श्रीनगरास तो आम्हांस सुचला नव्हता.

यावर कोणी म्हणेल कीं, मग प्रवाशानें पुढें येईल त्याची स्तुतीच करावयाची काय? मुळींच नाहीं. नून चहा आम्हांस अजूनहि फारसा रुचत नाहीं. परंतु नावड सांगण्यापूर्वीं ती वस्तु काय आहे, कोणी व कशासाठीं केली, हें सांगणें लेखकास बांधील आहे. केवळ आपल्याच जिभेचें वृत्त देणारा लेखक वाचकांस घराबाहेर नेत नाहीं.

याच्या उलट एक उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचें. १८५७ च्या धामधुमींत सांपडलेल्या या भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं तहानलेली राणी लक्ष्मीबाई त्यांस भेटते. ते पाणी काढून देऊं लागतात, तों ती विद्वान् ब्राह्मणास तसदी नको म्हणून त्यांस थांबविते व स्वतःच पाणी ओढते. साधें विहिरीचें पाणी! तरी शेंकडों मिठायांचीं वर्णनें विसरलों, तो घोट विसरलों नाहीं. कारण लिहिणाराची दृष्टि पिणारावर होती.

आमची त्या वेळीं देणारावरहि नव्हती. त्या वृद्ध यजमानांच्या दृष्टीस आमचा लेख बहुधा पडला नसेल. छापलेलें वाक्य मात्र कोठेंतरी तसेंच असेल. म्हणून येथें दुरुस्ती नोंदवून ठेवितों: तो चहा बिघडलेला नव्हता. आम्हीं तो एका घोटानंतर टाकून दिला होता.